लेथवर चपखल बसलेलं झाकण महिन्याभरात अडकतं, त्याचं काय करायचं

भाचीच्या लग्नात लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायच्या यंत्रावर, सागवानाची एक डबी कातून दिली होती. मुठीत मावेल एवढी, अंगठ्या आणि कानातली ठेवण्यापुरती. झाकण वर ठेवून सोडलं की आतली हवा बाहेर सारत, स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली उतरायचं. ओढलं की 'पुक' असा आवाज यायचा. तो आवाज मी देताना चार जणांना मुद्दाम ऐकवला होता. तीन आठवड्यांनी फोन आला, "मामा, डबी उघडतच नाहीये रे. चिकटवून दिलीस की काय?"

माझ्याकडून हे तिसऱ्यांदा झालं. पहिल्यांदा मी लाकडाला नावं ठेवली, दुसऱ्यांदा हवेला. या वेळी डबी परत मागवली आणि बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर घेऊन बसलो. चुका निघाल्या त्या सगळ्या माझ्या हातच्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा त्या 'पुक' आवाजाच्या मोहापायी झालेल्या.

दोन शब्द आधी ठरवून घेतो. तळभागाच्या तोंडाशी जी कड बारीक करून झाकणात जाते, तिला मी गळा म्हणतो. झाकणाच्या आत तो गळा जिथे बसतो ती खोबण.

अडकलेली डबी आधी उघडायची कशी

सांध्यात सुरी घालू नका. पात्याने कड चेपते आणि तो व्रण कायमचा राहतो. झाकण गरमही करू नका. बरणीचं धातूचं झाकण तापवलं की प्रसरण पावतं आणि सुटतं, म्हणून लोक इथेही ड्रायर धरतात. लाकडाचं उलट आहे. उष्णतेने झाकणातलं पाणी उडतं, ते आक्रसतं आणि गळ्याला आणखी घट्ट आवळतं. बाहेरून सुकतंय झाकण, आणि ज्याला सुकवायचं तो गळा आत झाकलेला, अशी गंमत आहे. जोर केला तर झाकणाला उभी चीर जाते.

डबी एखाद्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवून द्या. पहिले दोन-तीन दिवस काहीच फरक दिसणार नाही, कदाचित जास्तच घट्ट वाटेल. आठवडाभर थांबा. मग झाकणावरच्या आणि तळावरच्या लाकडाच्या नैसर्गिक रेषा जुळतात का ते बघा. जुळत नसतील तर कुणीतरी झाकण फिरवून दाबून बसवलं आहे. जुळेपर्यंत हळूहळू उलटं फिरवायचा प्रयत्न करा. रेषा जुळत असतील तर फिरवू नका, नाहीतर अंडाकृती झालेला गळा आणखी रुतेल. पटाशीच्या लाकडी मुठीने सांध्याभोवती हलक्या टिचक्या मारत जा, डबी हातात फिरवत. रबरी हातमोजे घातले तर पकड मिळते. भाचीची डबी नवव्या दिवशी सुटली.

मापांनी काय सांगितलं

कातताना गळा ४८.० मिलिमीटर ठेवला होता आणि खोबण ४८.१. म्हणजे दोन्ही बाजू मिळून मोकळीक एक दशांश मिलिमीटर. डबी सुटल्या सुटल्या मोजलं तेव्हा गळा एका दिशेने ४८.३५ निघाला आणि त्याच्या काटकोनात ४८.१८. खोबण त्याच दोन दिशांना ४८.२७ आणि ४८.२०. एका दिशेने गळा खोबणीपेक्षा मोठा, दुसऱ्या दिशेने जेमतेम लहान. आणि हे नऊ दिवस सुकवल्यानंतरचं. अडकली तेव्हा काय असेल!

लाकूड सगळीकडे सारखं फुगत नाही, हे पुस्तकात वाचलेलं असतं. हातात धरल्यावर पटतं. खोडाच्या लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलतच नाही. वाढीच्या वर्तुळांना छेदून जाणाऱ्या दिशेने, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे, थोडं हलतं. वर्तुळांना धरून जाणाऱ्या दिशेने सगळ्यात जास्त, बहुतेक लाकडांत आधीच्या सुमारे दुप्पट. सागवानात लाकडातलं पाणी १ टक्क्याने वाढलं की वर्तुळांच्या दिशेने साधारण ०.१९ टक्के आणि त्यांना छेदणाऱ्या दिशेने ०.१० टक्के वाढ होते. ४८ मिलिमीटरच्या गळ्यात पाणी ४ टक्क्यांनी वाढलं, तर एकीकडे ०.३६ मिलिमीटर आणि दुसरीकडे ०.१९. माझी मापं याच्या इतकी जवळ आली की मी कागद दोनदा तपासला.

आणि ४ टक्के म्हणजे काही फार नाही. साधारण २५ अंश तापमानाला हवेतली आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकूड ९ टक्क्यांच्या आसपास पाणी धरून स्थिरावतं. आर्द्रता ६५ झाली की १२, आणि ८० झाली की १६. कोरड्या दिवसांत कातलेली डबी दमट खोलीत गेली की एवढा फरक पडतोच. सागवान तर शांत लाकूड म्हणून ओळखलं जातं. बीच, ओक यांची हालचाल याच्या दुपटीच्या घरात.

"जुन्या दाराच्या चौकटीचं सागवान आहे, ते आता हलायचं नाही" असं मीच कितीतरी वेळा ऐकवलं आहे. जुनं लाकूड आता पूर्वीसारखं तडकत नाही, एवढंच त्यातलं खरं. हवेतलं पाणी घेणं आणि सोडणं ते शंभर वर्षांनंतरही करत राहतं.

पण मग झाकणही त्याच लाकडाचं होतं, तेही तेवढंच का फुगलं नाही? माझा खरा घोळ इथे होता. झाकणाला मी आतून-बाहेरून लॅकर मारला होता. तळभागाला फक्त बाहेरून. आत नुसता पॉलिश पेपर मारून सोडला होता, म्हटलं आत कोण बघतंय. भाचीने नंतर सांगितलं, "लॅकरचा वास येत होता ना, म्हणून आठवडाभर झाकण काढून खिडकीत ठेवली होती." तीन मिलिमीटर जाडीची भिंत, आतून कोरी, आठवडाभर उघडी. तिने हवेतलं पाणी मनसोक्त प्यायलं. लॅकर लावलेलं झाकण त्या मानाने मागे राहिलं. मग एके दिवशी वास गेला, तिने झाकण दाबून बसवलं, आणि ते बसलं ते बसलंच.

तुमच्या डबीत नेमकं काय बिघडलंय ते ओळखायला

झाकण निघत असेल तर पहिली चाचणी अगदी सोपी. रेषा जुळवून बसवा, मग पाव वळसा फिरवून बसवा. एकीकडे सहज बसतं आणि दुसरीकडे अडतं, तर डबी अंडाकृती झाली आहे. कुठेही बसवलं तरी सारखंच घट्ट असेल तर पॉलिशचा थर किंवा सरसकट फुगणं, या दोन्हींपैकी एक. पॉलिशचा संशय असेल तर गळा नखाने खरवडून पाहा. मऊ लागलं, नखाचा माग उमटला, तर लॅकर अजून पूर्ण सुकलेला नाही. असा ओला थर दुसऱ्या ओल्या थराला टेकून राहिला की दोन्ही अक्षरशः एकमेकांना चिकटतात. भाचीचा 'चिकटवून दिलीस की काय' हा प्रश्न तसा अगदीच वेडगळ नव्हता.

दुसरी चाचणी गळा सरळ आहे का याची. गळ्यावर शिसपेन्सिलीने उभ्या रेघा ओढा, झाकण एकदा बसवून काढा, आणि रेघा कुठे पुसल्या गेल्या ते बघा. फक्त वरच्या टोकाला किंवा फक्त मुळाशी पुसल्या असतील तर गळा किंवा खोबण निमुळती झाली आहे. अशी डबी लेथवर फार छान वाटते, कारण शेवटचा एक मिलिमीटर घट्ट बसतो आणि आपण खूश होतो. पण सगळी पकड त्या एका रिंगणावर असते. लाकूड केसभर हललं की ती एकतर पाचरीसारखी रुतते किंवा अगदी ढिली पडते.

झाकण आणि तळ वेगवेगळ्या लाकडांचे असतील, तर मापं घेत बसण्याआधीच उत्तर माहीत आहे. दोन लाकडं दोन गतींनी हलणार. दिसायला कितीही देखणं असलं तरी अशा जोडीला मोकळीक जास्तच ठेवावी लागते.

आणि डबी कातताना लाकडाची रेषा आडवी धरली असेल, म्हणजे वाडगा काततात तशी, तर तिला दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नका. त्यात तोंडाचा एक व्यास रेषेच्या दिशेने जातो, तो हलत नाही. दुसरा व्यास रेषेला आडवा, तो पूर्ण हलतो. घट्ट झाकणाची डबी नेहमी रेषा उभी धरून, लेथच्या आसाला समांतर ठेवून कातायची.

पुढच्या डबीला मी काय वेगळं केलं

सगळ्यात मोठा फरक पडला तो थांबण्याने. लग्नाची तारीख जवळ असते, आपण शनिवारी ठोकळा चकवर, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीवर, चढवतो आणि रविवारी संध्याकाळी पॉलिश करून कागदात गुंडाळतो. ठोकळा बाहेरून कितीही वाळलेला असला तरी आतला भाग बाहेरच्यापेक्षा ओला असतो, आणि पोकळ केल्यावर तो पहिल्यांदाच हवेला भिडतो. शिवाय आतलं लाकूड काढलं की उरलेल्या भिंतीतला ताण मोकळा होतो आणि ती थोडी वाकते. हे दोन्ही झाकण बसवण्याआधी होऊ द्यायला हवं.

म्हणून आता आधी कच्ची डबी कातून ठेवतो. साठ मिलिमीटरच्या ठोकळ्यात भिंत आठ ते दहा मिलिमीटर जाड ठेवायची, गळा आणि खोबण ढोबळ काढायची, चकची पकड दोन्ही तुकड्यांना ठेवायची. मग दोन्ही तुकडे झाकण न लावता, हवा खेळेल असे आडवे ठेवून द्यायचे. प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख आणि ग्रॅममध्ये वजन. दर चार-पाच दिवसांनी वजन करायचं. गेल्या डबीचा तळ पहिल्या दिवशी ९४ ग्रॅम होता, पाचव्या दिवशी ९१, दहाव्या दिवशी ९०, आणि मग पंधरा दिवस ९० वरच. वजन हलायचं थांबलं की लाकूड त्या खोलीच्या हवेशी जुळलं. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर उत्तम, पण एवढ्या लहान तुकड्याला साधा ग्रॅमचा काटा मला जास्त खरा वाटतो. कार्यशाळा दमट किंवा फारच कोरडी असेल तर हे तुकडे तिथे न ठेवता घरातल्या कपाटावर ठेवा. डबी शेवटी कुठल्यातरी घरातच राहायची आहे.

खोडाचा अगदी मधोमधचा गाभा ठोकळ्यात येऊ देऊ नका. गाभा मध्ये असेल तर त्याच्याभोवती चीर पडणं फक्त वेळेचा प्रश्न आहे.

झाकण आणि तळ एकाच ठोकळ्यातून, एकामागोमाग. चकवर चढवायच्या आधीच ठोकळ्यावर एका बाजूने लांब पेन्सिल रेघ ओढून ठेवतो. कातताना ती जाते, म्हणून दोन्ही टोकांच्या सपाट भागावरही खूण करतो. तुकडे वेगळे करायला दोन मिलिमीटरचं पातळ पार्टिंग टूल वापरलं की रेषा कमी तुटतात. रेषा जुळवण्यामागे दिसण्यापेक्षा मोठं कारण आहे: रेषा जुळवलेल्या असतील तर दोन्ही तुकडे अंडाकृती झाले तरी एकाच बाजूने होतात.

तुकडे शांत झाले की आधी झाकण पूर्ण करायचं. खोबणीची भिंत सरळ आहे का ते व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांनी तोंडाशी आणि तळाशी, दोन्हीकडे मोजायचं, फरक ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. मग तळभाग चकवर घेऊन गळा कातायचा, झाकण लावून बघत बघत. साठ मिलिमीटर व्यासाला मी लेथ मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या आसपास ठेवतो. तोंडावर शील्ड असू द्या.

झाकणाचा माथा कातायला ते गळ्यावर घट्ट बसावं लागतं, आणि वापरायला मात्र मोकळं हवं. त्यामुळे एकाच गळ्याचे दोन टप्पे होतात. आधी घट्ट ठेवायचा, झाकण ठोकून बसवायचं, टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या टेकूचा, आधार देऊन माथा कातायचा, पॉलिश पेपर मारायचा. आधार काढून माथ्यावर मधोमध उरलेला बुंधा कापताना सांध्यावर चिकटपट्टीचा एक वेढा मारतो. झाकण उडून छपराला लागलेलं एकदा पाहिलं आहे, दुसऱ्यांदा बघायची हौस नाही. मग झाकण काढून गळा शेवटच्या मापाला आणायचा.

मी चुकत होतो ते याच शेवटच्या टप्प्याला. पॉलिश पेपरच्या घर्षणाने गळा हाताला गरम लागतो. गरम म्हणजे वरच्या थरातलं पाणी उडालेलं, गळा थोडा आक्रसलेला. त्या क्षणी झाकण सुरेख बसतं. दुसऱ्या दिवशी गळा आपलं पाणी परत घेतो आणि तेच झाकण आवळतं. आता शेवटचं माप त्या दिवशी घेतच नाही. तळ चकवरच राहू देतो, लेथ बंद करतो, घरी जातो. सकाळी झाकण लावून बघितलं की दहा वेळांपैकी आठ वेळा आणखी एक हलका हात मारावा लागतो.

मोकळीक किती? पन्नास मिलिमीटरच्या गळ्याला मी आता पाव मिलिमीटर ठेवतो. कोरड्या दिवसांत कातत असेन तर ०.३. दमट दिवसांत कातताना ०.१५ चालतं, कारण लाकूड आधीच फुगलेलं असतं आणि पुढे ते आक्रसण्याचीच शक्यता जास्त. पाव मिलिमीटरला 'पुक' होत नाही, याचं वाईट वाटतं खरं. पण ती मौज कातणाऱ्याची आहे. नवऱ्या मुलीला एका हाताने झाकण उचलून दुसऱ्या हाताने अंगठी आत टाकायची असते.

हवा कोंडून आवाज काढायचा नसेल तर दहा-बारा मिलिमीटर लांब गळाही लागत नाही, पाच-सहा पुरतो. त्यातही सगळा गळा खोबणीला टेकवत नाही. मुळाशी दोन मिलिमीटरचा पट्टा मापाचा ठेवतो आणि वरचा भाग केसभर आत घेतो, टोकाची धार मोडून. माप बदलायचं झालं तर तेवढाच पट्टा घासावा लागतो. सांध्यावर दोन्ही तुकड्यांच्या कडा तिरक्या तासून एक बारीक खाच पाडतो. डबी पुढे थोडी अंडाकृती झाली की सांध्यावर बोटाला पायरी लागते. ती पायरी या खाचेच्या सावलीत लपते. झाकणाची कड तळापेक्षा अर्धा मिलिमीटर बाहेर ठेवली तर बोटाला धरायलाही जागा मिळते.

पॉलिशबद्दल थोडक्यात. जे बाहेर लावाल ते आतही लावा, झाकणाला आणि तळाला सारखंच. गळा आणि खोबण यांना लॅकर नाही, लाख नाही. तिथे फक्त मेण, आणि तेही पुसून काढलेलं. बंद डबीच्या आत तेल टाळा. ते सुकायला फार वेळ लागतो आणि वास कोंडून राहतो. बाहेर जवसाचं तेल लावत असाल तर पुसलेल्या चिंध्या चुरगळून टाकू नका, पसरून वाळवा. त्या आपोआप पेट घेऊ शकतात. लॅकर असेल तर डबी देण्याआधी किमान दोन आठवडे उघडी ठेवा, म्हणजे तुमच्या भाचीला ती खिडकीत ठेवावी लागणार नाही.

उलटा त्रास: झाकण ढिलं पडलं तर

दमट दिवसांत घट्ट बसवलेली डबी कोरड्या हवेत सैल होते, तीही तक्रार येते. गळा ओला करून फुगवायचा सल्ला मिळतो. तो दोन दिवस टिकतो आणि गळ्याला चिरा मात्र देऊन जातो. फरक एक-दोन दशांशाचा असेल तर गळ्यावर लाखेच्या पॉलिशचे पातळ हात चढवा, प्रत्येक हात पूर्ण सुकवून. आधी गळ्याला लाख नको म्हटलं, आणि इथे मीच लावायला सांगतोय, हे मान्य. पण हे दुरुस्तीचं काम आहे आणि माप हातात ठेवून करायचं आहे. फरक जास्त असेल तर गळा कापून टाका आणि त्याच्या जागी नव्या लाकडाचं कडं कातून बसवा, रेषा उभी ठेवून. वेगळ्या रंगाचं लाकूड घेतलंत तर ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं, विचारलं तर तसंच सांगायचं.

डबी पुन्हा चकवर चढवताना लक्षात ठेवा की ती आता गोल नाही. ती थोडी डगमगत फिरणारच. सगळं पुन्हा गोल करायला गेलात तर भिंत एका बाजूला पातळ होते. पट्ट्यापुरता अगदी हलका हात मारा आणि थांबा. जॅम चकवर, म्हणजे झाकण दाबून बसवायच्या लाकडी खुंटावर, झाकण सैल होत असेल तर मध्ये टिश्यू पेपरचा एक पदर घाला.

भाचीच्या डबीला मी हेच केलं. गळ्याचा मुळाजवळचा पट्टा ठेवून वरचा भाग काढला, पट्टा खोबणीपेक्षा पाव मिलिमीटर कमी केला, आणि आत बाहेरच्यासारखेच लॅकरचे दोन हात दिले. परत घेऊन गेली, महिन्याने विचारलं. म्हणाली, "आता उघडते छान. पण उलटी केली की झाकण पडतं." म्हटलं, उलटी करू नकोस. घासलेल्या पट्ट्याला मेण लावायचं मात्र विसरलो होतो, ते पुढच्या भेटीत लावायचं आहे.